दोर कोणी धरायचा: जानेफळजवळच्या मधाच्या कड्यावर

वैशाखात वऱ्हाडातून हिंडायला निघाले म्हणून शेजारणींनी मला वेड्यात काढले. पण शाळेतल्या बाईला सुट्टी वैशाखातच मिळते. उन्हाची तक्रार करत ती घरात घालवणे मला पटत नाही.

माझी जुनी विद्यार्थिनी यमुना जानेफळला दिली आहे. तिने कळवले होते की या आठवड्यात तिथले शेतकरी दोराने कडा उतरून आग्या मोहोळाचा मध काढतात, पाहायचे असेल तर लगेच या. मी कॉलेजात होते तेव्हा परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांवर चढणाऱ्या साहेबांची वर्णने आम्हाला धड्यात होती. आपल्याच मुलखात असे लोक आहेत, हे कोणी सांगितले नव्हते. त्याच रात्री बॅग भरली.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी वाट सांगते. बडनेऱ्याला गाडीत बसावे, जलंबला बदलून खामगावला उतरावे. तिथून मेहकरकडे जाणारी मोटार जानेफळला सोडते. भाडे सव्वा रुपया. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की उतारूंनी उतरून पायी चालायचे. मी चाललेही आणि दोनदा मागून ढकललेही. पाण्याची सुरई खामगावातच भरून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच यमुना आणि मी बैलगाडीने निघालो. तासाभराने काळ्या खडकाचा कडा आला. वरच्या कपारीखाली मधाची पोळी लोंबत होती, पुरुषभर लांबीची. माथ्यावर दहाबारा माणसे जमली होती. शेणाच्या गोवऱ्यांत रोडगे भाजायला घातले होते, शेजारी वांग्याच्या भाजीचे पातेले. उतरणाऱ्याने मात्र आधी चतकोर भाकर आणि ठेचा एवढेच खायचे.

उतरणारा नारायण चाळिशीचा, सडपातळ माणूस. त्याची थट्टा त्याचा चुलतभाऊ विठोबा करत होता.

"पोट रिकामंच ठेव बे. रोडग्याचा वास खाली आला तं तू दोर न वढताच वर येशीन."

कड्याच्या अंगावर पाय रोवण्यापुरत्या खोबणी कोरलेल्या आहेत. त्या आपल्या बापाने कोरल्या असे नारायण म्हणतो, विठोबाच्या मते त्या विठोबाच्या बापाने. एवढ्या वाकड्या आहेत म्हणजे तुझ्याच घरच्या, असे नारायणाने कबूल करून टाकले तेव्हा सगळे हसले. मग दुखापतींची गोष्ट निघाली. आजवर या कड्यावर कोणाचे हाड मोडलेले नाही. जे मोडते ते मधाचा हंगाम नसताना, घरी. विठोबाचे दोन दात बैलाने पाडले. नारायण श्रावणात स्वतःच्या उंबऱ्यावर घसरून महिनाभर लंगडला. आणि नारायणाचा मेहुणा शंकर, ज्याने दरसाल वरून दोर धरायचा, तो पौषात ज्वारीतले पोपट हाकताना चार हात उंचीच्या माळ्यावरून खाली आला.

इथे हसणे थांबले, कारण शंकराचे मनगट तेव्हा मोडले होते आणि मूठ अजून मिटत नव्हती.

इथली रीत अशी: दोर उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. भावकीतल्या कोणी नाही. चुलतभावांना जमिनीत वाटा असतो. मेहुण्याला नसतो, उलट बहीण विधवा होण्याची भीती असते. म्हणून तो दोर सोडणार नाही. नारायणाला दुसरा मेहुणा नव्हता. आणि जे घर एक साल उतरत नाही, त्याचा कड्यावरचा मान भावकीतल्या पुढच्या घराकडे जातो. पुढचे घर विठोबाचे.

विठोबा वाईट माणूस नव्हे. एक तर मी दोर धरतो, नाही तर यंदा कडा आमचा, असे त्याने हसत सांगितले. तेव्हा रोडगे उलटत बसलेली नारायणाची बायको गोदा उठली. पदर खोचून ती दोराजवळ आली.

"भाऊजी, तुमचा हात मजबूत हाय, माही ना नाही. पण यायले काही झालं तं तुमचं वावर वाढते. शंकरदादा काऊन धरते? त्याच्या बहिणीचं कुंकू जाईन म्हणून. मंग जिचं जाते तिनंच धरला तं काय बिघडते?"

"हात सोलून निघतीन, वयनी."

"निघू द्या. इहिरीचा दोर रोज कोन वढते घरी?"

एका म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून विचारले, शिकलेल्या बाईचे काय म्हणणे. मी सांगितले की हिच्या बोलण्यात मला एकही चूक सापडत नाही, आणि चुका शोधणे हाच माझा धंदा आहे. नारायणाने मात्र कोणालाच विचारले नाही. अंबाडीचा तो दोर त्याने कमरेला बांधला आणि दुसरे टोक गोदेच्या हातात दिले. "गाठ पाय," एवढेच म्हणाला. तिने गाठ दोनदा ओढून पाहिली.

दोराला खडकाच्या सुळक्याभोवती दोन वेढे होते, त्यामुळे ताकदीपेक्षा लक्ष जास्त हवे. नारायण खाली उतरू लागला आणि शंकर कडेला पालथा पडून खालची खबर देऊ लागला. धूर झाला, माशा उठल्या. आम्ही घोंगड्या पांघरून बसलो. तरी मला कानावर दोन डंख बसले. गोदेने घोंगडी घेतली नाही, हात अडकतात म्हणून.

दुसरे पोळे कापताना खोबणीची कड निखळली. शंकर ओरडायच्या आत दोर गोदेच्या मुठीतून सरकला, हातभर, आणि तिथेच थांबला. तिने टाचा रोवल्या होत्या. विठोबा धावला आणि तिच्या मागे दोर धरून उभा राहिला, पण ओढला नाही. ती सांगेल तेव्हाच ओढायचे, हे त्याने आपणहून ओळखले. बऱ्याच वेळाने खालून दोन हिसके आले. म्हणजे वर घ्या.

नारायण वर आला तो धापा टाकत. पहिला रोडगा हातात घेऊन म्हणाला, "एवढा आवळला, आता जेवन कुठून उतरन?" गोदेने तळहात मिटून घेतले होते. पहिले पोळे दोर धरणाऱ्याचे असते. विठोबाने ते पळसाच्या पानावर घालून तिच्यापुढे ठेवले आणि बाजूला झाला.

मी तीसेक वर्षे मुलींना शिकवते आहे. त्या सकाळी माझ्या मुलखाचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा एकाही बक्षीस समारंभात वाटला नव्हता.

घरी येऊन वर्ष झाले. साखर रेशनवर आहे, त्यामुळे आणलेला मध महिन्यात संपला. कानाची सूज त्याआधीच उतरली. परवा यमुनेचे कार्ड आले. शंकराचे मनगट बरे झाले आहे. यंदा दोर त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा त्याने तो उचलला आणि बहिणीच्या हातात देऊन स्वतः धूर करायला गेला.