काजळीवरची चाल
काल सुतार कपाटाला लाखेचं पॉलिश करत होता आणि त्या वासासरशी मला कराडपलीकडची भूकंप वेधशाळा आठवली. नव्वदच्या दशकात मी तिथे नोकरीला होते. रॉकेलच्या धुरावर काळा केलेला कागद फिरत्या नळकांड्यावर चढवायचा, सुई त्या काजळीत दिवसभर पांढरी रेघ ओढायची, आणि सकाळी कागद स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवून पक्का करायचा. व्हरांड्यातून कुणी चाललं तरी सुई हलायची. एका सकाळी साहेबांनी झाडणाऱ्या मावशींना हाक मारली. "बघा मावशी, तुमचा भूकंप! एक धक्का मोठा, एक बारका." मावशी एका पायाने अधू होत्या. सगळे हसले, त्याही हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आवं सायेब, पुसा की त्ये. बोटानं जातंय न्हवं?" जात होतं. साहेबांनी त्यांच्यादेखत कागद लाखेत बुडवला आणि वाळल्यावर भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी झाडायच्या वेळेला सुई सरळ चालली होती. "मावशी आल्या नाहीत का आज?" साहेबांनी विचारलं. मी बाहेर डोकावले. मावशी फरशीवर बसून, सरकत सरकत झाडत होत्या. सुताराला मी म्हटलं, कपाट अंगणात ने, उरलेलं तिथे कर.