धाकट्याचा शेवटचा शब्द

धाराशिवच्या कोर्टासमोर रसवंतीवाला कोयत्यानं उसाची कांडी छाटतो. तो ओला, गोडसर वास आला की मी आजही तोंड फिरवतो.

वकिलीत नवा होतो तेव्हाची गोष्ट. उसाच्या फडात धाकट्या भावाला मारल्याचा आळ असलेला वाशी तालुक्यातला एक शेतकरी माझा पक्षकार होता. ‘तू केलंस का?’ असं पक्षकाराला कधी विचारायचं नाही, हा आमच्या सीनियरांचा दंडक. मी विचारलं नव्हतंच. त्यानंच तुरुंगाच्या जाळीत बोटं अडकवून सांगितलं, “पहिला घाव पाठीत बसला. त्यो वळला, मंग तोंडावर हाणला. पडला तरी म्या थांबलो न्हाय.” मरताना भाऊ काय बोलला, तेही सांगितलं.

बाहेर दोघा भावांची आई थोरल्यासाठी भाकरी बांधून बसली होती. “साहेब, माझा धाकटा शेवटी काय बोलला का वं?”

“मावशी, आतलं बोलणं मला सांगता येत नाही.”

ती गाठोडं उचलून उभी राहिली. “म्हंजी थोरल्यानं सांगितलंय. म्हंजी त्यो तितं व्हता.”

तिनं भाकरीचं गाठोडं भिंतीवर आपटलं, पायाखाली तुडवलं आणि त्याच भिंतीवर स्वतःचं कपाळ आपटत सुटली. मी तिला मागं ओढलं, तेव्हा माझा पांढरा शर्ट तिच्या रक्तानं भरला.

आता ती नाही, तोही नाही. मी बरोबर वागलो, हे आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण त्या शब्दावर जिचा हक्क होता, तिला मी तो दिला नाही. तुम्हालाही देणार नाही.