ऑइलपेंटची वास्तुशांती

नव्या घराची चकाकी जपायला तुम्हीही खिडक्या बंद ठेवता का? शिरपूरला आम्ही ठेवल्या होत्या. दारांच्या ओल्या ऑइलपेंटवर धूळ बसू नये, असा वडिलांचा हुकूम होता. वास्तुशांतीच्या पंगतीत सगळ्यांचे डोळे वाहू लागले.

“वहिनी, रस्सा लय तिखट केला तुमी,” आत्या म्हणाली.

“मंग त्या लेकरानं कवा खाल्ला?” आई म्हणाली. ताईचं तान्हं बाळ खोकून लाल झालं होतं.

दारांच्या चकाकीसाठी रंगाच्या वासात लेकराचा श्वास कोंडणं मला मान्य नव्हतं. मी उठून सगळ्या खिडक्या उघडल्या.

“काहून उघडून राह्यला बे? धूळ बसते ना,” वडील म्हणाले.

“बसू द्या. रंग पुन्हा मारता येते.”

थोड्या वेळानं बाळाचा खोकला थांबला. आत्यानं आणखी रस्सा मागितला.

रंग वाळून वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, पाहुणे त्यानंतरच बोलवा.