शून्याची फरशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण गावात लोक अजून मला आदराने 'गुरुजी' म्हणतात आणि हल्ली तो शब्द कानावर पडला की माझं डोकं फिरतं.

निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी मस्कतला मुलाकडे होतो, तिथल्या मत्रह भागात. शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. बिल्डिंगमधली मराठी मुलं सकाळी आमच्या हॉलमध्ये जमायची — दुसरी-तिसरीतली, आपसांत इंग्रजी बोलणारी. मी त्यांना मराठीतून गणित शिकवायचो. आईबापांना त्याचं कोण कौतुक.

नैसर्गिक संख्या एकपासून सुरू होतात, पूर्ण संख्या शून्यापासून. हे पक्कं बसावं म्हणून मी एक खेळ काढला. हॉलमधल्या एकेका फरशीवर एकेक मूल — एक, दोन, तीन. शून्याची फरशी दाराबाहेर, चपलांमध्ये. मी 'नैसर्गिक' म्हटलं की शून्य बाहेरच. 'पूर्ण' म्हटलं की शून्याने आत यायचं, एकच्या अलीकडे उभं राहायचं आणि सगळ्यांनी शून्यापासून मोजायचं. खेळ चांगला होता. चांगला होता म्हणूनच जास्त चीड येते.

पहिल्यांदा शून्य झाला चौथ्या मजल्यावरच्या इंजिनियरचा मुलगा. संध्याकाळी त्याच्या आईचा सुनेला फोन — "आमच्याच मुलाला झीरो कशाला केलं काकांनी?" उभा जन्म वर्गात आवाज चढवून काढलेला मी — एका फोनला घाबरलो. पुढच्या शुक्रवारी शून्यावर मंजिरीला उभं केलं. त्याच्या पुढच्याही. मग कायमचंच.

मंजिरीच का? तिचा बाप एसी दुरुस्त करायचा. आमच्याच गुहागरकडचा, मला देवासारखा मानणारा. तो फोन करणार नव्हता. दुसरं काही कारण होतं का? नव्हतं.

मुलं जिन्यात तिला 'झीरो' म्हणून हाक मारू लागली. मी ऐकत होतो. ऐकून दार लावून घेत होतो.

एका शुक्रवारी बाप तिचा हात धरून आला. मुलं फरश्यांवर उभी होती. चौथ्या मजल्यावरच्या बाई सोफ्यावर चहा घेत होत्या. तो दारातच अवघडून म्हणाला, "गुरुजी, रागावू नका हां. ही म्हणते, मलाच दर वेळेला चपलांत उभी करतात. यायलाच नको म्हणते."

मी बाईंकडे पाहिलं — आधी त्यांच्याकडे, हे मला पक्कं आठवतं — आणि म्हणालो, "सगळी आळीपाळीने उभी राहतात. हिला खोटं बोलायची सवय लागतेय. वेळीच लक्ष दे."

हॉलमधल्या प्रत्येक मुलाला खरं ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. ती मुलं लहान होती. मी काय होतो?

बापाचा चेहरा उतरला. "गुरुजींच्या पाया पड," तो तिला म्हणाला. "सॉरी बोल."

ती वाकली. आणि मी — निर्लज्जपणाला काही सीमा? — तिच्या डोक्यावर हात ठेवून "शहाणी हो" असा आशीर्वाद दिला.

मंजिरी खोटं बोलली नव्हती. मी बोललो होतो. तिच्या बापाने माझ्यावर विश्वास ठेवला आणि तिच्यावरचा काढून घेतला. पुढे तिथल्या मराठी मंडळाने मला शाल दिली, मुलांना गणिताची गोडी लावली म्हणून. ती मी घेतली. हिवाळ्यात पांघरतोही.

त्या शुक्रवारी तिला सोडून बाप निघून गेला. कुणी न सांगता ती बाहेर गेली आणि चपलांमध्ये उभी राहिली. मी खेळ सुरू केला. 'नैसर्गिक' म्हणालो, मुलांनी मोजलं. 'पूर्ण' म्हणालो, सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

ती आत आली नाही. माझ्याकडे बघत तिथेच उभी राहिली.

मुलं थांबली होती. मी त्यांना एकपासून मोजायला सांगितलं.