बॉम्बच्या शिवणीतलं चार बोटं कापड

अणुबॉम्बचं माप मागणारा माणूस मी पाहिला आहे. ते माझे वडील. म्हैसूरच्या मार्केटमागच्या गल्लीत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाले आणि देशभर मोठमोठ्या लोकांनी त्यावर भाषणं केली, लेख लिहिले, पेढे वाटले. बॉम्ब केवढा आणि किती हवेत, असं सरळ विचारणारे मला भेटले ते एकटे अप्पाच. त्यांना कुणी धड सांगितलं नाही, हा भाग वेगळा.

आमची शिंप्यांची घरं म्हैसुरात कधी आली, हे घरातल्या कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. घरात मराठी बोलायची, तीही निम्मी कन्नड, आणि गल्लीच्या टोकाला आमच्या लोकांचं विठोबाचं देऊळ. आषाढीला देवाला नवी अंगी चढते. ती शिवायचा मान आमच्या घराकडे होता आणि अप्पांनी तो तीसेक वर्षं सांभाळला होता. विठोबाचे कपडे शिवणं सोपं नाही. बाकीचे देव हात सरळ सोडून किंवा वर करून उभे असतात. हा कमरेवर हात ठेवून उभा. त्या कोपरांवरून बाही फिरवून पाठीमागे बंद बांधायचे, आणि समोरून एक सुरकुती दिसता कामा नये. अप्पा त्या आठवड्यात उपास करायचे आणि दुकानात दुसरं काम घ्यायचे नाहीत. वर्षभरात त्यांना स्वतःचा असा एवढाच अभिमान होता.

आणखी एक गोष्ट. अप्पा काहीही शिवलं तरी शिवणीच्या आत चार बोटं कापड सोडायचे. वाढत्या मुलांच्या सदऱ्याला सगळेच सोडतात, पण अप्पा म्हाताऱ्यांच्या कोटालाही सोडायचे आणि देवाच्या अंगीलाही. लहानपणी मी विचारलं होतं, "अप्पा, देव काय वाढतोय होय?"

"चंदन लावलं की वाढतोय, दागिने घातलं की वाढतोय," ते म्हणाले होते. "आणि कापड पाण्यात पडलं की आटतंय. सुम्ने नाही ठेवत मी, पुट्टी." सुम्ने म्हणजे उगीच, आणि पुट्टी म्हणजे मी. पुढे मी जयलक्ष्मीपुरमच्या एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायला लागले, तरी घरात मी पुट्टीच राहिले.

तर पोखरणच्या बातमीनंतर तिसऱ्या दिवशी देवळाच्या कमिटीची बैठक झाली. आमचे अध्यक्ष कापडदुकानदार. त्यांच्या अंगात एकदम देश संचारला होता. गल्लीतून मिरवणूक काढायची, टेम्पोवर बांबूचा बॉम्ब ठेवायचा, त्यावर साटीनचं कव्हर चढवायचं, असं त्यांनी जाहीर केलं. मग रंगावरून दीड तास वाद झाला. ज्या माणसांनी गल्लीतल्या फुटक्या गटाराबद्दल दोन वर्षं तोंड उघडलं नव्हतं, ती बॉम्ब पिवळा की केशरी यावरून घसा बसेपर्यंत भांडली. शेवटी अध्यक्षांनी पांढरा ठरवला. पांढरा शांततेचा रंग, आपला बॉम्ब शांततेचा. त्यांच्या दुकानात पांढरं साटीन न खपता पडून होतं, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

मग ते अप्पांकडे वळले. शिंप्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात.

"मास्तर, कव्हर तुम्हीच शिवायचं, नोडी. तुमच्यासारखा हात ऊरात कुणाचा नाही." नोडी म्हणजे बघा, आणि ऊर म्हणजे गाव.

"मला ते नको हो अध्यक्ष," अप्पा म्हणाले. "मी शर्ट-पॅन्ट शिवणारा. देवाचं शिवतो तेवढं पुरे."

"देवाचं म्हटल्यावर आठवलं," अध्यक्ष अगदी गोड आवाजात म्हणाले. "आषाढीचं कापड यंदा कुणाकडं द्यायचं, ते कमिटीत अजून बोलणं झालं नाही, काय?"

अप्पांनी मान खाली घातली आणि हो म्हटलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला अध्यक्षांचा राग आलाच, पण खरं सांगायचं तर अप्पांचा जास्त आला. घरी आल्यावर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. एका अंगीसाठी तुम्ही त्या माणसासमोर वाकलात, म्हटलं. ते मशीनला तेल घालत राहिले. मग म्हणाले, "तुला कळत नाही ते. दुसऱ्यानं शिवलं तर त्याचं कोपर उघडं राहतंय." त्याचं म्हणजे विठोबाचं.

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन देवळाच्या मागे गेले. बुरुडाने सांगाडा बांधायला घेतला होता, पण बॉम्ब केवढा करायचा हे कुणालाच सांगता येईना. एकाने वर्तमानपत्रातला फोटो आणला, तो रॉकेटचा निघाला. दुसरा म्हणाला भोपळ्यासारखा असतो. शेवटी टेम्पोत मावेल एवढा करायचं ठरलं, आणि राष्ट्राची ताकद टेम्पोच्या फाळक्याइतकी झाली. तयार झाल्यावर तो हुबेहूब लोडासारखा दिसत होता, टेकून बसावंसं वाटेल असा.

रात्रीच्या जेवणाला अप्पा मला पेपर वाचून दाखवायला सांगायचे. त्या दिवसांत सगळ्या पेपरांत तेच होतं. आपण आधी वापरणार नाही. कुणी आपल्यावर टाकला तरच टाकू. आणि ठेवू तेही किमान, धाक बसण्यापुरते.

"किमान म्हणजे कमीत कमी ना?" अप्पांनी विचारलं. "कमीत कमी म्हणजे किती?"

"ते सांगत नाहीत, अप्पा."

"माप सांगत नाहीत आणि कमी करतो म्हणतात? असं गिऱ्हाईक आलं तर मी कात्री लावत नाही कापडाला."

मी हसले आणि मोठ्या ऐटीत त्यांना समजावलं, की आकडा गुप्त ठेवणं हाच त्या धोरणाचा भाग असतो, समोरच्याला अंदाज येऊ द्यायचा नसतो. हे मी पुढे वर्गातही शिकवलं आणि मुलांनी लिहिल्यावर त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. अप्पांना ते पटलं नाही. मला तेव्हा वाटलं, शिंप्याला काय कळतंय.

कव्हर शिवून झालं. घडी घालताना मी आतून हात फिरवला आणि मला हसू आवरेना. अप्पांनी सवयीने बॉम्बच्या कव्हरलाही शिवणीच्या आत चार बोटं कापड सोडलं होतं, आठही शिवणींना.

"अप्पा, बॉम्ब वाढत्या अंगाचा आहे होय?"

त्यांनी हातात घेऊन बघितलं. त्यांचा चेहरा पडला. "अय्यो," ते म्हणाले, "हात आपला आपण गेला गे." खरोखर शरमले ते. उसवून पुन्हा शिवायला वेळ नव्हता, मिरवणूक दुसऱ्याच दिवशी होती.

मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे टेम्पोत पांढरा लोड, आणि लोडाला हार. चौकात अध्यक्ष टेम्पोवर चढून बोलले. "आपण आधी टाकणार नाही! पण टाकला कुणी, तर त्याला सोडणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाकल्यावर सोडणार नाही म्हणजे कोण सोडणार नाही, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तेव्हाही मार्केट जागेवर असणार, देऊळ असणार, आणि अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून बदला घ्यायला उभे असणार, अशी सगळ्यांची ठाम समजूत होती. एक म्हातारी टेम्पोजवळ आली आणि कसला देव आहे ते न बघताच हात जोडून गेली.

आता माझी कर्तबगारी सांगते. शाळेत प्रवेशाचे दिवस होते, आम्हा शिक्षकांना बोलावलं होतं. स्टाफरूममध्ये मी बॉम्बच्या चार बोटांचा किस्सा मीठमसाला लावून सांगितला. सगळ्या पोट धरून हसल्या. त्यांत अध्यक्षांची सूनही होती, ती आमच्याच शाळेत कन्नड शिकवायची. मला ते माहीत होतं. पण मला तेव्हा माझ्या विनोदापुढे काही दिसत नव्हतं.

महिना संपता संपता शेजारच्या देशानेही स्फोट केले. आमच्या गल्लीत दोन दिवस सुतकी शांतता होती. मग अध्यक्ष दुकानात आले. मी तिथेच होते, अप्पांचा डबा घेऊन आलेली.

"मास्तर, त्यांनी आपल्यापेक्षा एक जास्त केला म्हणतात. आपला मोठा करायला पाहिजे. पुन्हा मिरवणूक काढूया. बुरुडाला सांगितलंय. कव्हर नवं नको, तुम्ही आत कापड सोडलंय म्हणे? सून सांगत होती. सगळी कमिटी म्हणाली, काय डोकं आहे मास्तरांचं, आधीच ओळखलं!"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. तशी नजर मी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

"कव्हर पाठवून द्या," ते अध्यक्षांना म्हणाले.

संध्याकाळी कव्हर आलं. अप्पांनी ब्लेड घेतलं आणि शिवण उसवायला लागले. मला वाटलं, सैल करतायत. पण ते थांबलेच नाहीत. आठही शिवणी उसवल्या, प्रत्येक तुकडा वेगळा केला, दोरे वेचले, इस्त्री फिरवली आणि घडी घालून स्वतः देवळात नेऊन दिले. अध्यक्षांना म्हणाले, "हे तुमचं कापड. मला ते वाढवायला येत नाही."

दुसरी मिरवणूक निघाली नाही. आषाढीची अंगीही आमच्याकडे आली नाही. अध्यक्षांनी ती बेंगळुरूच्या एका दुकानातून तयार आणवली, जरीची, पिवळीधमक. अप्पा त्या आठवड्यातही उपास धरून बसले. मशीनवर कापड नव्हतं, तरी दुसरं काम घेतलं नाही. मला त्यांच्यासमोर बसवेना.

आषाढीच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदा लावलेला. आत पुजारी देवाला अंगी चढवत होते. बराच वेळ झाला तरी पडदा सरकेना. मग अध्यक्ष बाहेर आले, घामाघूम, आणि गर्दीत मागे उभ्या असलेल्या अप्पांना त्यांनी हाक मारली, "मास्तर, जरा आत येता काय? बाही कोपरावरून जात नाही. तेवढं सैल करून द्या."

अप्पा आत गेले. मीही दारापर्यंत गेले. दुकानातली अंगी हात सोडून उभ्या असलेल्या देवासाठी शिवलेली होती. अप्पांनी बाही उलटी केली आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. "आत काहीच ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "उसवली तरी वाढत नाही."

बाहेर टाळ वाजत होते. देव कंबरेपर्यंत उघडा. पुजारी अध्यक्षांकडे बघत होते. अध्यक्षांचं लक्ष कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेलं.

"ते साटीन आहे की! बॉम्बचं. कोरंच आहे, इस्त्रीचं. जोडा त्याचं."

मला वाटलं, अप्पा आता त्यांच्या थोबाडात मारतील. मारावी, असं मला मनापासून वाटलं. ते देवाकडे बघत उभे राहिले. मग सुई मागितली. खाली मांडी घातली, साटीनचा तुकडा मांडीवर घेतला, बोटांनी मोजून पट्टी फाडली आणि दोन्ही बगलांत जोडली. टाके नेहमीसारखे सरळ आले.

पडदा सरकला. पिवळ्या जरीत दोन्ही बगलांना पांढऱ्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. लोक त्या तशाच अंगीला नमस्कार करत होते. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन खूश होऊन म्हणाले, "बघा टीचर, आपण म्हणत होतो ना? शेवटी बॉम्ब शांततेच्या कामालाच आला." मी त्या माणसाचा त्या क्षणी जितका तिरस्कार केला, तितका आयुष्यात कुणाचा केला नाही. आणि शाळाभर हातभर जीभ चालवणारी मी मान डोलावून बाजूला झाले.

अलीकडे टीव्हीवर एक जण सांगत होता, की आधी न वापरण्याचं धोरण आहे, पण पुढे काय ते परिस्थितीवर ठरेल. स्टुडिओतले बाकीचे गंभीर चेहऱ्याने माना डोलवत होते. मी आता निवृत्त आहे, मार्क द्यायचे नसतात, म्हणून टीव्ही बंद केला. आत कापड सोडलंय, एवढंच तो सांगत होता.

पुढच्या वर्षी आषाढीआधी अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. नवं कापड, नारळ, विड्याची पानं, सगळं ताटात घेऊन. मान तुमचाच मास्तर, मागचं होगली बिडी, जाऊ द्या, म्हणाले. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता तरी अप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटेल. याच ताटासाठी तर ते त्या बैठकीत वाकले होते.

अप्पांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते परत सरकवलं.

"बेड," ते म्हणाले. नको. "मी त्याला बॉम्बचं कापड घातलंय. आता कुठल्या हातानं शिवू?"

अध्यक्ष ताट घेऊन उठले आणि दारात चपला शोधत राहिले. त्या मी त्यांना काढून दिल्या.