तीनशे एकविसावं पान

चाळीस वर्षं लाइपझिगच्या छापखान्यांत लेबरेख्ट कुंट्झनं प्रार्थनागीतांचे खिळे जुळवले, आणि दर रविवारी चर्चमध्ये तीच गीतं इतक्या खणखणीत बेसूर आवाजात म्हटली, की पुढच्या बाकावरच्या बायका टोप्या सावरून बसत. अशा भाविक माणसाच्या हाती डॉक्टर रिंक यांचं हस्तलिखित द्यावं, ही मालकीणबाई फ्राउ पोले यांची करणी. काय करणार, डॉक्टरांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागतच नव्हतं.

माणूस आपली भीती, आपलं प्रेम, आपल्या अपुऱ्या इच्छा आभाळात नेऊन ठेवतो, त्याला देव म्हणतो आणि त्याच्याच पाया पडतो, असं त्यात पानोपानी होतं. लेबरेख्टच्या अंगाचा तिळपापड झाला. पण सोडवेना! जेवायच्या सुट्टीत एका हातात पाव, दुसऱ्या हातात पुढचा कागद, आणि तोंडानं "खोटं, साफ खोटं" चालूच. चाळीस वर्षांत कुठल्या मजकुरानं त्याला असं पेटवलं नव्हतं.

पुस्तकांची मोठी जत्रा चार दिवसांवर आली आणि घोळ लक्षात आला. वीस फर्म्यांहून मोठ्या पुस्तकाला छपाईआधी सेन्सॉरकडे जावं लागत नसे. जाडा ग्रंथ साधी माणसं वाचत नाहीत, असं सरकारला वाटे. वीस फर्मे म्हणजे तीनशे वीस पानं. लेबरेख्टनं ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घातल्या, समास रुंद केले, तरी मजकूर तीनशे पंधरावर संपला.

"डॉक्टरसाहेब, सहा पानं लिहून द्या," फ्राउ पोले म्हणाल्या. "नाहीतर सेन्सॉर चिंध्या करील."

"मला म्हणायचं ते म्हणून झालं. दुधात पाणी घालायला मी गवळी नाही."

"मग मी लिहितो," लेबरेख्ट म्हणाला. "तुमच्याविरुद्ध."

डॉक्टर हसले. "सगळं वाचलंत की काय?"

"उलट्या अक्षरांत वाचलंय. सुलट्यात वाचणाऱ्यांपेक्षा नीट."

"घ्या तर. झोडपा मला."

कागद नाही, शाई नाही. लेबरेख्ट थेट खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहिला आणि बोटं धावू लागली. एकेक मुद्दा तो असा हाणत होता, की शेजारचे कामगार हातचं काम सोडून बघत राहिले. पाच पानं झाली. आता शेवटचा घाव. तुम्ही म्हणता देव बोलत नाही, पण मी रोज सकाळी त्याचा आवाज ऐकतो, त्यानं जुळवलं. कसा असतो तेही सांगतो. बारीक असतो. वाक्य तोडून तोडून, मध्येच दम खात बोलतो.

बोटं थांबली. असं दम खात बोलणारं त्याच्या आयुष्यात एकच माणूस होतं. त्याची मुलगी. छातीच्या दुखण्यानं सातव्या वर्षी गेली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

त्या ओळी मोडून खिळे पेटीत परत टाकणं एका मिनिटाचं काम होतं. लेबरेख्टचा हात तिकडे गेलाही. मग त्यानं तिच्याविषयी सगळं जुळवलं, आजार, खोकला, तिचा आवाज, आणि पान भरलं.

डॉक्टरांनी ओलं प्रूफ उभ्यानंच वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"कुंट्झ, हे काढा. हे माझ्या बाजूनं झालंय."

"पानं किती झाली?"

"तीनशे एकवीस."

"मग राहू द्या. पुस्तक निघू दे."

"आणि तुम्ही? उद्या सकाळी प्रार्थना करणार?"

"करणार. तुमचं खरं असेलही, डॉक्टरसाहेब. पण तिच्याशी बोलायला मला दुसरी जागा कुठली?"

 डॉक्टरांनी हॅट काढली आणि विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"मिन्ना," लेबरेख्ट म्हणाला.