पिल्लं बारीक का होईनात

तिसऱ्यांदा वजन केलं, तरी पिल्लं गुबगुबीतच. माझी वाट लागली होती.

साल एकाहत्तर-बाहत्तरचं. अंधेरीच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी पीएचडी करत होतो. प्रश्न असा: गर्भारपणी आईला नीट खायला मिळालं नाही की बाळाची वाढ पोटातच खुंटते, मग त्याच्या मेंदूचं काय होतं? बायकांवर असले प्रयोग करता येत नाहीत, म्हणून पांढरे उंदीर. अर्ध्या गाभण माद्यांना नेहमीचं खाणं, अर्ध्यांना पोटभर, पण प्रोटीन अगदी कमी असलेलं. यालाच आम्ही ॲनिमल मॉडेल म्हणतो. दुसऱ्या गटाची पिल्लं जन्मतःच बारीक निघायला हवीत, मग पुढे मेंदूची गोष्ट. माझी दोन्हीकडची सारखीच. फेलोशिप मार्चअखेर संपत होती. बारीक पिल्लं नाहीत तर मुदतवाढ नाही, असं माझे गाइड परब सर यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

शहाण्या माणसानं आधी पिंजरे तपासले असते. मी लायब्ररीत गेलो. आठवडाभर बसून सिद्धान्त काढला: आई स्वतःचं मांस झिजवून पोटातल्या पिल्लाला प्रोटीन पुरवते. माद्या मात्र झिजलेल्या दिसत नव्हत्या, उलट टुणटुणीत होत्या. तिकडे मी काणाडोळा केला. सिद्धान्ताला माझं आडनाव द्यावं का, यावर बायकोशी चर्चाही झाली. ती म्हणाली, आधी नोकरी तरी लागू दे.

सरांना सिद्धान्त ऐकवला. ते मालवणचे, कमी बोलणारे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, चल, माद्या दाखव. ॲनिमल हाउसच्या दारातच थांबले. नाक वर केलं.

"ह्यो वास जवळ्याचो मां रे?"

मी मुलुंडचा, जन्माचा शाकाहारी. जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, एवढं ऐकून माहीत. वास कसा असतो ते ठाऊक नाही. इतके दिवस मी तो उंदरांचाच समजून नाकाला रुमाल लावत होतो. सरांनी पिंजऱ्यातला भुसा चिमटीनं उकरला. आत जवळ्याची डोकी.

पिंजरे सांभाळायला वेसाव्याची हिराबाई होती. कोळीण, वयानं माझ्या आईएवढी. विचारल्यावर तिनं काही लपवलं नाही. रोज मूठ मूठ जवळा घालत होती, तोही फक्त माझ्या कमी प्रोटीनवाल्या माद्यांना. बाकीच्यांचं खाणं तिला बरं वाटायचं.

"पोटुशी हायेत त्या. पोटुशीचे डोहाळे पुरवायचे, का नुसत्या पिठावर ठेवायचं? पाप कुनाला लागंल, तुलाच ना?"

मला तिचा राग आला, आणि स्वतःच्या सिद्धान्ताची लाज त्याहून जास्त वाटली. घरी सांगितलं तर बायको हसून हसून बेजार. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खटपट करून मला सहा महिने वाढवून आणले. हिराबाईला काढायचं नाही, सशांच्या खोलीत पाठवायचं, असंही बजावलं. माद्यांना खाणं आता मी स्वतः घालायचं.

या खेपेला पिल्लं हवी तशी झाली. बारीक, सुरकुतलेली. काहींचे मेंदू काढून तोलले, तेही हलके भरले. थिसिस बुडता बुडता वाचला होता. मी खुळ्यासारखा सगळ्यांना पिल्लं दाखवत सुटलो. हिराबाईलाही बोलावलं. तिनं एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"झालं तुझ्या मनासारखं?"

झालं, मी म्हणालो. पण मला तिच्याकडे बघवेना. मग पहिल्यांदाच तिला बसवून सांगितलं, की पोटाला न मिळणाऱ्या बायकांची बाळं अशीच जन्मतात, त्यांच्या डोक्याचं पुढे काय होतं ते कळावं म्हणून हा सगळा उपद्व्याप. तिनं पिल्लू आईजवळ ठेवलं.

"मग हे आदी सांगायचंस."

तेव्हापासून माझा नियम आहे. नवा प्रयोग आधी पिंजरे सांभाळणाऱ्याला समजावायचा, साहेबाला नंतर. साहेब लोकांना राग येतो, पण उंदरांना खाणं काही ते घालत नाहीत.